मुलुंडचं मशीन

सत्त्याऐंशी साली अंधेरीतल्या आमच्या छोट्या कंपनीत सी भाषेत काम करणारे दोघंच होतो, जयवंत आणि मी. शब्द अकारविल्हे लावणारी एक लायब्ररी आम्ही लिहिली होती. ती वेगवेगळ्या मशीनवर चालावी म्हणून तिच्या सुरुवातीला एक फाइल जोडली होती आणि तिच्यात प्रत्येक मशीनचा वेगळा परिच्छेद: याचा पूर्णांक दोन बाइटचा, त्याचा चार बाइटचा. अंधेरीचं झालं होतं. उरलं होतं ते मुलुंडच्या एका छापखान्याचं. तिथे रविवारी जाऊन मराठी शब्दकोश अकारविल्हे लावून द्यायचा होता.

जयवंत त्याच रविवारी अमेरिकेला निघणार होता. तो घाटकोपरला आईबरोबर राहायचा.

"मुलुंड मी करते," मी म्हटलं. "तू बॅग भर."

"झालं की घरी ये गं. सहाला टॅक्सी आहे. नाही आलीस तर बघ!"

मला यायचंच होतं. तीन वर्षं शेजारी बसून जे बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलायचं ठरवलं होतं. माहुलच्या घरी आईला सांगून निघाले ते फक्त कामाचं.

छापखाना बंद होता. मार्तंडराव म्हणून एक म्हातारे फोरमन कुलूप उघडून बाकावर पेपर वाचत बसले. मी फ्लॉपी घातली, मुलुंडचा परिच्छेद लिहिला. कंपाइल व्हायला, म्हणजे लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरायला, इतका वेळ लागे की मी खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे पापड मोजत होते. एकही चूक न दाखवता झालं. मग शब्दकोश लावला आणि मशीन मध्येच थांबलं.

"वाट लागली का?" मार्तंडरावांनी पेपराआडून विचारलं.

"अजून नाही, काका."

पुन्हा केलं. पुन्हा थांबलं. दुपार कलली. मग अंधेरीत चाचणीला वापरलेली नावं घातली. मथुरा, सरू, तुळशीदास, सगळी माहुलची माझी माणसं. ती बिनचूक लागली. माझी मलाच गंमत वाटली, आणि मग लक्षात आलं. ती नावं आम्ही इंग्रजी अक्षरांत टाइप केली होती. अंधेरीच्या मशीनवर देवनागरी नव्हतीच. माणसं मराठी म्हणून आम्ही समजलो, चाचणी मराठीची झाली.

मशीन प्रत्येक अक्षर आकडा म्हणून ठेवतं, आणि मराठी अक्षरांचे आकडे मोठे. या मशीनचा कंपायलर तेवढे मोठे आकडे उणे धरत होता आणि अक्षरांचा क्रम लावलेल्या आमच्या तक्त्याच्या बाहेर शोधत होता. आता एकच करायचं होतं: परिच्छेदात अक्षराला उणे धरू नकोस असं सांगणारी ओळ घालायची आणि सगळं पुन्हा कंपाइल करायचं. घड्याळात पाच वाजून गेले होते. उठून गेले असते तर वेळेत पोचले असते. पण मार्तंडराव काही रात्रीपर्यंत थांबणार नव्हते, सोमवारी सकाळी छपाई सुरू व्हायची होती, आणि ही फाइल कळणारं माझ्याशिवाय तोवर इथे दुसरं कोणी राहणार नव्हतं.

ओळ लिहिली. बसून राहिले.

अननसापासून ज्ञानेंद्रियापर्यंत शब्द ओळीने लागले, तेव्हा सहा वाजत होते. मार्तंडरावांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

जयवंतची आई, जानकीबाई, फोनवर आली. "अगं जया, कुठे आहेस तू? आत्ताच खाली उतरला, टॅक्सीत सामान ठेवतोय. हाक मारू?"

वर यायला त्याला दोन जिने. टॅक्सी उभी.

"नको, काकू. एवढंच सांगा, मुलुंडचं चाललं."

रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग गॅलरीतून त्यांची हाक: "अरे जयवंता, जया म्हणते, मुलुंडचं चाललं!"

खालून, फार लांबून, त्याचा आवाज आला. "झकास! सांग तिला, झकास!"

मग टॅक्सीचं दार लागलं.

"ऐकलंस ना?" काकू परत फोनवर आल्या. "आणखी काही सांगायचं होतं का गं?"

"नाही काकू. एवढंच होतं."

मार्तंडरावांनी पेपराची घडी घातली. मी फ्लॉपी काढली, मशीन बंद केलं आणि त्यांचं कुलूप लावून होईपर्यंत पायरीवर उभी राहिले.