तीन नंबरचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना पीएलसी आहे आणि मी चिडलेलो आहे. गोड आठवणी ऐकायच्या असतील तर एखाद्या छत्रीकडे नाहीतर घड्याळाकडे जा.

पीएलसी म्हणजे कारखान्यातलं मशीन चालवणारा, जेवणाच्या डब्याएवढा संगणक. लोखंडी पॅनेलमध्ये, काचेच्या खिडकीमागे, मी बावीस वर्षं स्क्रूने आवळलेला आहे. माझं काम सोपं: आधी बघायचं, मग ठरवायचं, मग हुकूम सोडायचा. पण माझ्याकडे स्वतःचे डोळे नाहीत. बटणं आणि सेन्सर तारेतून सांगतील ते मी खरं मानतो. प्रत्येक तारेसाठी माझ्या तोंडावर एक हिरवा दिवा आहे. तीन नंबरचा दिवा मशीनच्या जाळीच्या दाराचा. दार लागलं की तो लागतो, उघडलं की विझतो आणि मी मशीन जागच्या जागी थांबवतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक. साहेब पाहुण्यांना आणून "हा आमचा मेंदू" म्हणायचे. मेंदूवरची धूळ पुसावी असं मात्र एकालाही वाटलं नाही.

मग फोरमनला माझा जाच वाटू लागला. माझं मशीन खोकी दुमडतं. खोकं अडकलं की दार उघडायचं, मशीन थांबायचं, पुन्हा सुरू करायला दोन मिनिटं जायची. तेवढी दोन मिनिटं वाचवायला त्याने वीतभर तार घेतली आणि वीज सरळ माझ्या तीन नंबरला जोडून टाकली. दार सताड उघडं असलं तरी मला ते लागलेलंच दिसे!

एका ऑपरेटरकाकांची दोन बोटं गेली. चौकशी झाली. अहवालात लिहिलं: पीएलसीचा दोष. माझी बॅटरी बदलली, मला फडक्याने पुसलं आणि ती तार तशीच ठेवली. सांगा, रागावू नको तर काय करू?

काकांच्या जागी दोन जावा आल्या. धाकटी मशीनवर, थोरली शेजारच्या पॅकिंगच्या टेबलावर. धाकटी घाईची, अडकलेलं खोकं चालू मशीनमधून ओढून काढायची. थोरलीने कंपनीच्या पीएलसीच्या वर्गात नाव घातलं. वर्ग घेणार कोण? फोरमनच!

"ताई, या वयात पीएलसी?" तो हसला.

"तुम्ही शिकवणार ना? मग वयाचं राहू द्या, मला धीरच जास्त लागेल."

पहिल्याच धड्यात त्याने फळ्यावर शिडीसारखी आकृती काढली आणि ऐटीत सांगितलं, "दिवा बघा. मशीनला काय दिसतंय ते दिव्यावरून कळतं. तीन नंबर दाराचा, दार लागलं तरच तो लागतो." बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं अडकलं. धाकटीने दार उघडलं. हात आत घालणार, तोच थोरलीची नजर माझ्या काचेवर गेली.

"हात काढ! काढ म्हणते ना!" तिने धावत जाऊन लाल बटण दाबलं.

"जाऊबाई, केवढ्यानं ओरडता! काळजात धस्स झालं माझ्या."

फोरमन तरातरा आला. "कोणी बंद केलं?"

"मी. दार उघडं आहे आणि तीन नंबरचा दिवा लागलाय. दिवा बघा, असं कालच तुम्ही शिकवलंत."

"अहो ताई, ते तसंच असतं. काही होत नाही."

"होत नाही ना? मग मी मशीन चालू करते. खोकं तुम्ही काढा."

फोरमनने खोक्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. दहाही बोटं बहुधा मोजून घेतली. मग मुकाट्याने पॅनेल उघडून त्याने तार उपटली. कित्येक वर्षांनी तीन नंबर विझला आणि मला दार उघडं दिसलं.

"म्हणजे काकांच्या वेळीही ही तार इथेच होती?" थोरलीने विचारलं.

फोरमन तार खिशात घालू लागला.

"द्या इकडे. साहेबांना दाखवते." तार मुठीत घेऊन ती गेली. साहेबांनी तार ठेवून घेतली आणि 'बघू' म्हणाले. अजून बघतच आहेत.

आता दार उघडलं की मी थांबतो. दिवसातून दहा वेळा थांबतो. येणारेजाणारे म्हणतात, "म्हातारा झाला हा, बदला याला." खुशाल बदला! पण मित्रांनो, उद्या तुम्ही हे काम शिकाल, तेव्हा माझ्या जागी बसणाऱ्या नव्याला कधी फसवू नका. दार उघडं असेल तर त्याला उघडं दिसू द्या. मशीनवर उद्याही धाकटीच उभी असणार आहे.