वावर सोडून घेतलेली दमणी

मित्रांनो, गोठ्याच्या मागं कडब्याच्या गंजीला टेकून जी उभी आहे, जिच्या बैठकीत कोंबड्या अंडी घालतात आणि जिच्या चाकांवर चढून तुम्ही लपाछपी खेळता, तीच मी. एक जुनी दमणी. दमणी म्हणजे माणसांना बसायची हलकी, देखणी बैलगाडी. माल वाहायची गाडी वेगळी. तिला कोणी रंग देत नाही, तिच्यावर छत बांधत नाही, तिच्या बैलांच्या गळ्यात घुंगरं घालत नाही. माझ्या वाट्याला हे सगळं आलं होतं.

माझी पहिली आठवण आगीची आहे. किन्हीराजा गावात सुताराच्या अंगणात माझी चाकं तयार झाली होती. मग लोहारानं गोवऱ्यांचं रिंगण पेटवलं, त्यात लोखंडी धावा लाल होईपर्यंत तापवल्या आणि चिमट्यांनी उचलून चाकांवर चढवल्या. वरून घागरी ओतल्या. केवढा धूर, केवढी कळ! पण लोखंड थंड होत आवळत गेलं आणि सुटे सुटे आरे एकमेकांना घट्ट धरून बसले. तेव्हा कुठं मी एक झाले.

सुतारानं माझ्यावरून हात फिरवला. "जगदेव भाऊ, तुह्या नातवाइलेबी पुरीन हे."

"पुरलीच पायजे," माझा मालक जगदेव म्हणाला. "लय महाग पडली मले."

"घ्या! मी तं मजुरीबी कमीच सांगितली बाप्पा!"

"मजुरीचं नाई म्हणून राह्यलो मी," जगदेव म्हणाला. त्याचा हात माझ्या बैठकीवर होता आणि त्याच्या नखांत काळी माती होती. ती कुठल्या वावराची, म्हणजे शेताची, हे मला पुढं कळलं. ते आधी सांगते, कारण माझी सगळी गोष्ट त्या मातीपासून सुरू होते.

जगदेव आणि गोजराबाई यांची थोरली लेक विजयमाला. तेरा वर्षांची असताना तिला केनवडला दिली. धाकटा इंद्रभान तेव्हा नुकता चालायला लागला होता. आमच्याकडे सासरी गेलेली लेक आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. तिला न्यायला बापानं नाहीतर भावानं जायचं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला नाही, तर लेक उंबरा ओलांडत नाही, मग माहेर कितीही जवळ असो.

पहिल्या आखजीला जगदेवकडे दमणी नव्हती. गावच्या नानाजी पाटलांनी आपली द्यायचं कबूल केलं होतं. पण ऐन वेळी त्यांच्याच लेकीकडून निरोप आला आणि दमणी तिकडे गेली. पाटलांचं तरी काय चुकलं? जगदेव दोन दिवस वाट पाहत बसला आणि तिसऱ्या दिवशी माल वाहायची गाडी जुंपून निघाला.

इकडे केनवडला विजयमाला पहिल्या सकाळपासून उंबऱ्याशी बसलेली. अंगावर नवं लुगडं, मांडीवर गाठोडं. चुलतसासू येता-जाता विचारायची, "काय व, तुह्या बापाचे बैल लंगडे हायेत का मुऱ्हाळी लाजरा हाये?" सण झाला. तिसऱ्या सांजेला दारात गाडी आली ती सरकीच्या पोत्यांचा वास मारणारी.

माहेरी ती हसली, खेळली, इंद्रभानला कडेवर घेऊन गावभर हिंडली. निघताना मात्र आईला म्हणाली, "माय, पुढच्या साली कोनी नाई आलं तरी चालते. फक्त आधी सांगून धाडजो. मंग मी गाठोडं बांधनार नाई."

एवढंच. पण गोजराबाईच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं.

पुढं जर्मनची लढाई संपली त्या सुमारास कापूस चांगला पिकला, भावही चढला. आणि त्याच साली जगदेवच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून असलेलं अडीच एकराचं वावर विकायला निघालं. काळीभोर जमीन, कोपऱ्यात आंब्याचं झाड. लहानपणापासून जगदेवची त्यावर नजर होती. हाताशी आलेल्या पैशांत एक तर ते वावर येत होतं, नाहीतर दमणी आणि तिच्याजोगती पळणारी बैलजोडी. दोन्ही नाही.

वाशीमच्या बाजारात ज्यांना तो कापूस घालायचा, ते लखमीचंद शेठ म्हणाले, "जगदेव, वावर घे. लाकडाले वाळवी लागते. जमिनीले लागली कधी पाह्यली का?"

जगदेवनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. गोजराबाई भाकरी थापत होती. "शेठ खरंच बोलते," ती म्हणाली.

"मंग?"

"मंग काय! वावर कुठं पळून जाते? पाटलानं घेतलं तरी धुऱ्यापल्याडच राहीन. रोज पाहा. पोरगी तिथं उंबऱ्यात बसून राह्यते, ते दिसते का तुमाले इथून?"

त्यानंतर आठ दिवस जगदेव रोज सांजेला त्या वावरात जाई. ढेकूळ उचलून चुरडी, वास घेई आणि परत येई. नवव्या दिवशी तो वावरातून निघाला तो थेट सुताराकडे गेला. नखांतली माती ती.

वावर नानाजी पाटलांनी घेतलं. मला घरी आणल्यावर गोजराबाईनं माझ्या चाकांवर पाणी घातलं, जुवाला हळदकुंकू लावलं. तेव्हा जगदेव सगळ्यांना बजावून म्हणाला, "वावराचं पोरीजवळ कोनी काढायचं नाई. सांगसान तं दमणीत बसतानी अंग चोरून बसन ते."

मित्रांनो, ती वर्षं कशी सांगू? पहाटे निघायचं, वाशीमकडचं मालेगाव मागं टाकायचं आणि दिवस मावळायच्या आत केनवड गाठायचं. घुंगरांचा आवाज ऐकून विजयमाला उंबऱ्यातून उठायची. मान खाली, डोक्यावर पदर, गाठोडं छातीशी. गावाबाहेरचा नाला ओलांडेपर्यंत ती अशीच बसायची. नाला ओलांडला, की पदर खांद्यावर, पाय मागून बाहेर सोडलेले आणि तोंड सुरू! वाटेत एखाद्या झाडाखाली भाकर, ठेचा आणि कांदा. पुढं तिला मुलं झाली. माझ्या छताच्या कामट्यांना झोळी बांधून तिनं ती झोपवली. बाळ झोपलं, की जगदेव बैलांना हळू हाकायचा आणि मीही माझी करकर जमेल तेवढी दाबून धरायचे.

बापाला चिडवायची तिला भारी हौस. "बाबा, सासूबाई विचारते, बापानं तुले काय देलं? मी म्हनते, दरसाल एक लुगडं. लय चेंगट हाये माह्या बाप!" जगदेव नुसता हसायचा आणि बैलांच्या पाठीवर हात ठेवायचा.

गावातही चेष्टा चालायची. पलीकडच्या वावरात कापूस पांढराशुभ्र फुटला, की नानाजी पाटील धुऱ्यावरून विचारायचे, "काय जगदेव, अवंदा तुह्यी दमणी पिकली का नाई?"

"पिकली ना पाटील! येतानी दोन नातवं भरून आनले."

लोक हसायचे. इंद्रभान मात्र हसत नसे. तो ते वावर पाहतच मोठा झाला. धुऱ्याच्या अलीकडे तो वखर हाकायचा आणि पलीकडच्या पिकाकडे बघायचा. घरी आला, की माझ्याकडे अशा नजरेनं पाही, की मला वाटे, मी याचं काहीतरी खाल्लं आहे. खोटं कशाला सांगू, मीही मनाशी ताडून पाहायचे. ते वावर दरसाल पिकतं. मी दरसाल थोडी झिजते.

मग जगदेव गेला. पळणारे बैल म्हातारे होऊन गेले. कारभार इंद्रभानकडे आला आणि मालेगाववरून मोटार धावू लागली. त्या साली आखजीला इंद्रभाननं केनवडला जाणाऱ्या एका माणसाजवळ मोटारीचं भाडं दिलं आणि निरोप धाडला, "बाई, मोटारीनं ये. दमणीत हाडं कायले खिळखिळी करून घेतं?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. बहीण लवकर येईल, सुखानं येईल, असंच त्याला वाटलं. माझं छत उतरवून त्यानं माझ्यात शेणखत भरलं आणि मला वावरात नेलं.

विजयमाला आली नाही. भाडं तेवढं परत आलं.

"पाह्य," इंद्रभान बायकोला म्हणाला, "बाईले आता माहेर गोड लागत नाई."

तुळसाबाई पदर खोचून उभी राहिली. "तुमाले समजत कसं नाई वो? माह्या भावानं मले भाडं धाडलं असतं, तं मी त्याचं तोंड पाह्यलं नसतं."

"मोटार लवकर पोचते!"

"लवकर पोचायची घाई कोनाले हाये? कोनी न्यायले आलं, हे साऱ्या गावाले दिसलं पायजे."

इंद्रभानला ते कळलं असावं. पण भाडं परत आलेलं त्याच्या मनाला लागलं होतं. दुसऱ्या आखजीला त्यानं निरोपही धाडला नाही. गोजराबाई सणाच्या आदल्या दिवशी काठी टेकत आली आणि माझ्या चाकांना स्वतःच्या हातानं वंगण घालून गेली. मी वाट पाहिली. जू कोणी उचललं नाही.

तिसऱ्या आखजीच्या आधी, पहाटे, गोजराबाई पुन्हा आली. या खेपेला हातात वंगण नव्हतं, गाठोडं होतं. माझ्या अंगाला शेणखताचा वास येत होता. मी लाजेनं मेले. तिनं बैठकीवर घोंगडी अंथरली आणि चढून बसली.

इंद्रभान धावत आला. "माय, काय करून राह्यली तू?"

"बसली."

"ते दिसते मले. काहून?"

"तुह्या बहिनीकडे जाची हाओ. तू जू चढवतं तं चढव. नाईतं इथंच बसून राह्यतो. माह्यी भाकर इथंच आनून देजो."

तुळसाबाई तोंडाला पदर लावून हसली आणि शिदोरी बांधायला आत पळाली. इंद्रभाननं घटकाभर डोकं खाजवलं, मग वखराचेच बैल आणून जुंपले. ते बिचारे नांगरटीच्या चालीनं चालले. छत नाही, घुंगरं नाहीत. केनवडच्या वेशीत शिरताना दिवस बुडत होता.

विजयमाला उंबऱ्याशी बसली होती. कानाजवळचे केस पांढरे झालेले. अंगावर नवं लुगडं, मांडीवर गाठोडं.

इंद्रभानच्या हातातला कासरा तसाच राहिला. "बाई, कोनी सांगितलं तुले का मी येतो?"

"कोनी नाई," ती म्हणाली. "दोन सालं झाले, बांधून ठेवतो आन् मंग सोडतो."

इंद्रभाननं खाली वाकून तिच्या मांडीवरचं गाठोडं उचललं आणि माझ्यात आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नाला ओलांडला. विजयमालेनं पदर खांद्यावर घेतला आणि पाय मागून बाहेर सोडले. जाणती लेकरं असलेली बाई ती, पण माझ्या बैठकीला ते वजन ओळखीचं वाटलं. दिवसभर मायलेकी बोलत होत्या. गावाजवळ आलो तेव्हा ती जुन्या सवयीनं म्हणाली, "बाबा चेंगट ते चेंगटच राह्यले. एका लुगड्यापल्याड काई देलं नाई मले. दमणी मातर दरसाल आनली."

इंद्रभाननं बैल थांबवले. आम्ही नेमके त्या धुऱ्याशी होतो.

"इंद्रभान!" गोजराबाई म्हणाली. पण तो थांबला नाही. आंब्याच्या झाडाकडे हात करून त्यानं सगळं सांगितलं. अडीच एकर. लखमीचंद शेठ. आठ दिवस आणि नववा दिवस. बापानं काय बजावलं होतं, तेही सांगितलं.

विजयमाला खाली उतरली. धुरा ओलांडून वावरात गेली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या होत्या, जमीन तापलेली होती. तिनं एक ढेकूळ उचललं, चुरडलं आणि वास घेतला. तिला तसं करायला कोणी शिकवलं नव्हतं. बराच वेळ ती पाठमोरी उभी होती.

परत आली तेव्हा डोळे ओले होते. "आन् मी साऱ्या केनवडात सांगत फिरली," ती म्हणाली, "का माह्या बापानं मले काईच देलं नाई."

मला जगदेवचे शब्द आठवले आणि मी घाबरले. आता ही अंग चोरून बसेल. एका कोपऱ्यात, परक्यासारखी.

विजयमाला चढली. घोंगडी झटकली आणि चांगली ऐसपैस मांडी घालून मधोमध बसली. दोन्ही हातांनी माझी बैठक थोपटली.

"हाक रे भाऊ," ती म्हणाली. "मी माह्या वावरात बसली हाओ."

त्यानंतर इंद्रभाननं मला नवं छत केलं आणि तो सात आखज्या मुऱ्हाळी म्हणून गेला. आता माझा आस पिचला आहे. विजयमालेला आणायला तिचा भाचा जातो, शेजारची गाडी मागून, पण जातो. पलीकडचं वावर अजून पिकतं. शेठ म्हणाले ते खरंच ठरलं, मला वाळवी लागली आहे.

मित्रांनो, एक मागणं आहे. या पावसाळ्याआधी माझ्यावर थोडा कडबा टाका आणि चाकांखाली दगड द्या, म्हणजे ओल चढणार नाही. आणि तुम्ही मोठे झालात, की घरात काही मोठं घ्यायचं निघेल. तेव्हा खुशाल शेठजींना विचारा, चार माणसांना विचारा. पण त्याआधी तुमची वाट पाहत कोणी गाठोडं बांधून बसलं आहे का, ते आठवून पाहा. आणि असलं कोणी, तर निरोप धाडू नका. स्वतः जा.