अधांतरी पाऊल

मी एक पान आहे, पण कागदाचं नाही. फोनच्या काचेवर उघडतो, बोट लागलं की सरकतो. माझ्या कपाळावर लिहिलंय, ‘मोहनाताईकडून घरबसल्या गरबा शिका.’ ताई गेली. मी अजून उघडाच आहे.

माझा जन्म बडोद्यातला, कारेलीबागेतल्या एका गच्चीवरचा. लग्न होऊन महाराष्ट्रातून इकडे आलेल्या मुली नवरात्रात मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला सांभाळत उभ्या राहतात, हे मोहनाताईला सलायचं. त्यांच्यासाठी तिने मराठीतून क्लास काढायचं ठरवलं. मला घडवलं तिच्या धाकट्या भावाने, नीलने. शाळा अर्ध्यात सोडून तो मांडवीच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकायचा. फुकट मिळणारा साचा घेतला आणि लाल, पिवळं, चमचमतं, हाताला लागेल ते माझ्यात भरलं.

“नील्या, हे क्लासचं पान आहे की फटाक्यांचं खोकं?” ताई म्हणाली.

त्याने चिडून सगळं पुसलं, आणि थोड्या वेळाने मला पांढरंस्वच्छ करून तिच्यापुढे धरलं. तसाच आहे तो.

सगळ्यात वर ताईचा व्हिडिओ. ती गिरकी घेते, उजवा पाय उचलते, आणि तो टेकायच्या आत पुन्हा पहिल्यापासून गिरकी. पुढचा तुकडा नीलनेच कापला होता. गरबा कसा, थांबताच कामा नये म्हणे. खाली ‘नाव नोंदवा’चं बटण. नाव-नंबर भरून ते दाबलं की समोरच्या फोनवर ताईचा आवाज जायचा. “आलीस? ये, मी वाट बघतेय.”

पावसाळ्यात ताईला ताप आला. दवाखान्यातून ती घरी परतली नाही.

त्यानंतर माझं बटण दाबणारा एकच माणूस उरला. नील कधी स्वतःचं नाव घालायचा, कधी आईचं, कधी नुसतं एक अक्षर. तिचा आवाज त्याच्या फोनमध्ये होताच. पण साठवलेलं ऐकणं वेगळं, आणि फोन थरथरून वर ‘मोहनाताई’ असं नाव उमटणं वेगळं. प्रत्येक वेळी मी तो आवाज पाठवला. नाही म्हणायला मला येत नाही.

आईने, मंदाकिनीबाईंनी, एकदा जेवताना सांगितलं की ते आता बंद कर, बघवत नाही. नील ताटावरून उठला.

“ताईला बंद करू?” एवढंच म्हणाला.

ताईचा फोनही तो चार्ज करून खिशात बाळगायचा. एका दुपारी दुकानात त्यावर निरोप आला. बडोद्याजवळच्या पादरा गावातली कोमल, सांगलीहून नवी सून म्हणून आलेली. मी तिला कुठूनतरी सापडलो होतो. ‘ताई, तुमचा आवाज ऐकून धीर आला. चणियाचोळी घालून बसलेय. क्लास कधी?’

नीलने घाईघाईत लिहिलं, ताईला बरं नाही.

लगेच उत्तर आलं. ‘असू दे. त्यांना सांगा, मी वाट बघतेय.’

ते वाचून तो स्टुलावर बसूनच राहिला. गिऱ्हाईक हाका मारून निघून गेलं. मग त्याने कोमलला फोन लावला.

“मी भाऊ बोलतोय. ताईला बरं नाही, ते खोटं. ताई नाहीये. गेली ती.”

हे शब्द तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. कुणी तिचा विषय काढला तर भांडण उकरायचा.

 कोमल चाचरत म्हणाली, “रागावू नका हं. ती गिरकी मी रोज करून बघते. पण उचललेला पाय पडतो कुठे, तेच कळत नाही. तेवढं दाखवाल?”

कापलेला तुकडा उघडायची नीलची छाती होत नव्हती. त्या दिवशी त्याने उघडला. त्यात ताईचा पाय टेकतो, जरासा डावीकडे. टाळी वाजते. मग ती धापा टाकत, हसत फोनकडे चालत येते, तिचा तळहात काचेवर येतो, आणि काळोख.

आता माझ्यावर तो पूर्ण व्हिडिओ आहे. एकदा चालतो आणि थांबतो. बटण नीलने काढून टाकलं.

शेवटी काच काळी होते, तेव्हा तिच्यात बघणाऱ्याचाच चेहरा दिसतो. कधी तो कोमलचा असतो. बहुतेकदा नीलचा. पाय टेकेपर्यंत तो थांबतो, हात येईपर्यंत थांबतो, आणि मग आपल्या हाताने मला मिटतो.

जुन्या लिंकवरून तुम्ही कधी इथे आलात, तर तुम्हाला ये म्हणणारं आता कुणी नाही. तरी तिचं पाऊल टेकेपर्यंत तेवढं थांबा.