पाठ फिरवायची राहिली

पोरीचा चेंडू शेवटच्या होलजवळच्या बंकरमध्ये पडला. बंकर म्हणजे गवतात मुद्दाम ठेवलेला वाळूचा खड्डा. या गोल्फच्या मैदानावरचे सगळे बंकर गेली बावीस वर्षं मी दाताळ्याने ओढतोय. आजही पहाटे ओढले, घरी पळालो, कपडे बदलले आणि परत येऊन पोरीची बॅग खांद्यावर घेतली.

संघात जागा एकच होती. माझी पोर आणि मागच्या गटातली ती उंच मुलगी, दोघी बरोबरीत. एक फटका जादा झाला की सगळी मेहनत पाण्यात.

मी काठावरून वाळूत डोकावलो आणि तोंडचं पाणीच पळालं. चेंडू दाताळ्याच्या सरीत रुतून बसला होता.

दाताळं ओढून झालं की ते उलटं करून त्याच्या पाठीने सऱ्या पुसायच्या असतात. आम्ही मैदानावरचे लोक त्याला ‘पाठ फिरवणं’ म्हणतो. कोणी विसरलं तर मी त्याचा उद्धार करतो. पण आज पोरीच्या शेजारी फोटोत बरं दिसावं म्हणून शर्टाला इस्त्री करायची होती. हा शेवटचाच बंकर, इथे कोण मरायला येतंय, असं म्हणून मी तसाच निघालो होतो. इस्त्री मात्र कडक झाली होती.

माझे हात शिवशिवत होते. पण फटक्याआधी तिथली वाळू ना तिने सारखी करायची, ना मी. नियमच तसा. मी नुसत्या येरझाऱ्या घालत राहिलो.

“एका जागी उभे राहा ना बाबा,” ती वाळूत उतरत म्हणाली. मग खाली बघून थबकली. “हा कोणी ओढला?”

“नवीन माणूस आलाय एक. गाढव आहे लेकाचा.”

तिने सऱ्यांकडे पाहिलं. सगळ्या डावीकडे झुकलेल्या. मैदानावर डावखुरा मी एकटाच. मग ती चेंडूपाशी पाय रोवून उभी राहिली.

“चेंडूला नको, त्याच्या मागच्या वाळूला मार,” मी उगाच म्हणालो. मी कोण तिला शिकवणार?

तिने मारलं. वाळू उडाली, चेंडू काठाला थडकला आणि घरंगळत परत तिच्या पायाशी आला. दुसऱ्या फटक्याला तो बाहेर पडला, तिसऱ्याला होलमध्ये गेला. एक फटका जादा.

मी दाताळं उचललं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि अख्खा बंकर ओढायला लागली. तिच्या पावलांचे ठसेच नव्हे, माझ्या सऱ्याही. मागचा गट खोळंबला होता.

“चल, पुरे झालं,” मी म्हणालो.

“थांबा. पाठ राहिलीये.”

उंच मुलीचा चेंडूही त्याच बंकरमध्ये आला. सपाट वाळूवर, ताटात वाढून ठेवल्यासारखा. एका फटक्यात बाहेर, दुसऱ्यात होलमध्ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोरीनेही वाजवल्या. मला ते बघवेना.

“ठमे,” मी म्हणालो, “तो नवीन माणूस...”

“माहितीये,” ती म्हणाली. मग माझी कॉलर नीट करत म्हणाली, “शर्ट छान दिसतोय, बाबा.”