डॉक्टरांचा टाका

आत्याच्या दुकानात कोट शिवले जात आणि तिथे एक नियम होता. चुकलेला टाका गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये. चुकला की बोभाटा करायचा नाही. उसवायचा आणि पुन्हा घालायचा. तिच्या हाताखाली भाची हे आधी शिकली, कात्री धरायला नंतर.

आत्याच्या डोक्यात गाठ निघाली ती डाव्या बाजूला, उजवा हात चालवणाऱ्या भागाला खेटून. सर्जननी मेंदूचं चित्र काढून समजावलं. डोक्यावर आडवा पट्टा बांधावा तशी, या कानापासून त्या कानापर्यंत, हालचालींची पट्टी असते. तिची डावी बाजू उजवं अंग हलवते. हालचालीतली सफाई आणि तोल मागचा लहान मेंदू सांभाळतो. पट्टीवर बोटांना आणि अंगठ्याला ऐसपैस जागा होती, अख्ख्या पाठीला चिंधीएवढी.

"वाटणाऱ्याला शिंप्याची कदर होती म्हणायची," आत्या म्हणाली.

सर्जननी पुढचंही स्पष्ट सांगितलं. गाठ काढताना जराशी जास्त कात्री लागली तर अंगठा कामातून जाईल. म्हणून ऑपरेशन जागेपणी करायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. वरची कातडी बधिर केली की पुरतं. ते मेंदूवर ठिकठिकाणी विजेचा अगदी सौम्य स्पर्श करणार आणि त्या वेळी आत्याने हाताने काहीतरी करत राहायचं. हात अडेल ती जागा सोडून द्यायची.

आत्याने तुरपाई निवडली. भाचीने राखाडी कापडाचा तुकडा आणि लाल दोरा दिला, बघणाऱ्यांना नीट दिसावा म्हणून. माझा टाका दिसतो कुठे, असं आत्या कुरकुरली, पण दोरा घेतला.

ऑपरेशनच्या वेळी फिजिओथेरपिस्ट बाई तिच्या हाताशी डोळ्यात तेल घालून बसल्या. हात थांबला की त्या सांगत आणि सर्जन त्या जागेवर कागदाची चिमुकली खूण ठेवत. मग एका स्पर्शाला आत्याचा अंगठा किंचित घसरला आणि टाका तिरका गेला. सुईच्या टोकाने तो कधी उसवला आणि पुन्हा घातला, हे त्या क्षणी तिचं तिलाही कळलं नाही. हात थांबलाच नव्हता. बाईंनी तसं सांगितलं.

"छान," सर्जन म्हणाले. "मग इथूनही काढतो."

आत्याची सुई थांबली. "थांबा, डॉक्टर. मघाचा टाका चुकला होता. मी उसवला."

बाई कापडावर वाकल्या. "मला तर काहीच दिसलं नाही."

"दिसू नये म्हणूनच उसवला. जन्माची खोड आहे."

मास्कआड कुणीतरी हसलं. सर्जन हसले नाहीत. त्यांनी हात मागे घेतला आणि सांगितलं, "या वेळी चुकला तर चुकू द्या. हात लावू नका."

पुन्हा तोच स्पर्श. अंगठा आत ओढला गेला आणि लाल टाका ओळ सोडून आडवातिडवा पडला. आत्या त्याच्याकडे बघत राहिली. कवटी उघडताना तिने दात आवळले नव्हते, ते आता आवळले. पण टाका तसाच ठेवला. त्या जागी आणखी एक खूण पडली.

बाहेर भाचीचा जीव टांगणीला लागला होता. सर्जननी येऊन सांगितलं की अंगठ्यालगतचा गाठीचा पापुद्रा मुद्दाम ठेवलाय, त्यावर तपासण्यांनी लक्ष ठेवू. बाकी सगळी निघाली. "अंगठा तुमच्या आत्याने वाचवला," ते म्हणाले. भाचीने ते घरी येईपर्यंत भेटेल त्याला सांगितलं.

सुरुवातीला हात जड होता. काज करण्याइतका तो सुटा झाला, तेव्हा आत्या दुकानात आली. भाचीने पिशवीतून ते कापड काढलं आणि सवयीने तिरका टाका उसवायला सुई लावली.

"ठेव ती खाली," आत्या म्हणाली. "बाकीचे सगळे माझे. तेवढा एक डॉक्टरांचा."

तिने तो तुकडा आरशाशेजारी टाचला, गिऱ्हाइकाच्या थेट नजरेसमोर. पहिल्याच चिकित्सक गिऱ्हाइकाने विचारलं, कोटही असाच शिवता की काय?

"नाही," आत्या टेप गळ्यात अडकवत म्हणाली. "तसा टाका हवा असेल तर डोकं उघडावं लागतं. हात वर करा, छातीचं माप घेते."