काठाचं गवत

धाकटी सकाळपासून नदीकाठी गवत कापत बसली होती. नवरा गेल्यापासून हे शेत ती एकटीच कसत होती, आणि उताराचा हा पट्टा तिनं मुद्दाम नांगराबाहेर ठेवला होता. पाऊस कितीही कोसळो, वरची माती या गवतात अडायची, खत नदीत जायचं नाही, आणि पिकाखालची ओल उन्हाळ्यापर्यंत टिकायची.

आता सांगा, यात वाईट काय? पण त्या भाऊबंदकीत एक रीत होती, आणि रीत म्हटली की शहाणीसुरती माणसं अक्कल खुंटीला टांगतात. ज्याचा नांगर पाण्याला टेकेल तो शेताचा मालक; काठ पडीक राहिला की सगळं शेत भाऊबंदांचं. पुरुषाच्या पडीक काठाकडे कुणी बघत नसे. विधवेच्या काठावर मात्र सगळ्यांचा डोळा.

थोरला दीर ट्रॅक्टर घेऊन आला.

"बाजूला हो, धाकटे. काठ नांगरून देतो. उपकारच समज."

"आणि मग शेत कुणाचं, भाऊजी?"

"नांगर माझा, म्हणजे शेत माझं. त्यात नवीन काय?"

"आणि नाही नांगरू दिलं तर?"

"तर पडीक. तरी माझंच."

"म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. छान आहे तुमची रीत."

एव्हाना बांधावर चार माणसं जमली होती. फुकटचा तमाशा असला की लोकांना वेळच वेळ. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "पोरी, घराण्याची रीत मोडू नये. गवत काय, पुन्हा उगवेल."

"गवत उगवेल, काका. गेलेली माती कोण आणून देणार? तुमच्या नांगराचा फाळ दगडावर वाजतो, तो अख्ख्या शिवाराला ऐकू येतो."

म्हातारा पायाखाली बघू लागला. धाकटी ट्रॅक्टरसमोर गवतात मांडी घालून बसली. "टेकवा नांगर. आधी मी लागेन."

तेवढ्यात थोरल्याची बायको नदीवरून हंडा घेऊन वर आली. तो खेकसला, "तू घरी जा."

ती गेली नाही. तिनं हंडा उतरवला आणि सगळं पाणी नवऱ्यासमोर ओतलं. दाट, तांबडं पाणी. तळाशी बोटभर गाळ.

"ही बघा तुमची जमीन. आपला काठ नांगरलात, तेव्हापासून रोज डोक्यावरून घरी आणतेय. मालकी सांगायची हौस असेल तर हिच्यावर सांगा." आणि ती जावेला खेटून गवतात बसली.

थोरल्यानं इंजिन बंद केलं नाही. दोघी उठल्या नाहीत. आणि बांधावर उभे असलेले आपण सगळे, अजून विचारच करतोय, रीत मोडावी की नाही.