गोणपाटाआडची धार

"त्या हातांचं दूध आम्हाला नको!" मास्तरीणबाई रिकामा तांब्या कमरेवर धरून आमच्या अंगणात ठणकावत होत्या. मागच्या दोघींनी लगेच माना डोलावल्या.

हात माझ्या काकूचे. तिच्या तोंडावर, हातांवर पांढरे डाग आहेत. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत हे मी शाळेत शिकले आणि घरी घसा फोडून सांगितलं. पण बाबांनी काकूला गोठ्यातून काढलं आणि धार काढायला एक गडी आणला, सगळे त्याला हिरोच म्हणत. हिरो म्हणजे पांढराशुभ्र शर्ट, चापून बसवलेला भांग आणि तोंडात साखर.

"आता तुझं इथं काम काय?" आजी काकूला म्हणाली. काका गेल्यापासून गोठ्यातल्या गायीच्या जिवावरच काकू घरात टिकून होती. ती धुणं उचलून गेली.

पण गाय कुठली ऐकायला! हिरोनं कासेला हात लावला की पान्हा चोरायची. त्यानं शिवी हासडून शेपटी पिरगाळली, तर तिनं अशी लाथ घातली की हिरो शर्टासकट शेणात! मी पोट धरून हसले. पण कास दगडासारखी झाली, गाय हंबरून बेजार. शेवटी बाबाच पडेल आवाजात म्हणाले, "वहिनी, बघा जरा."

काकूनं गायीच्या पाठीवरून हात फिरवला. "आले गं बाई, आले." की लागली धार!

मला वाटलं, जिंकली काकू. कसलं काय! बाबांनी गोठ्याच्या दाराला गोणपाट टांगलं. आत काकू धार काढणार, बाहेर हिरो शर्ट घालून माप घालणार.

"हात बदलला की चव बदलते हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "किती गोड लागतं आता!"

मला राहवेना. मी गोणपाट खसकन ओढलं. आत काकू, गुडघ्यांत बादली, हात फेसानं माखलेले.

"बघा, हेच ते गोड हात!"

मास्तरीणबाईंनी काकूकडे पाहिलं, तांब्यात पाहिलं आणि सगळं दूध तिथंच मातीत ओतलं. दोघींनीही ओतलं. तरातरा गेल्या.

काकूनं धार थांबवली नाही. बादली भरल्यावर उठली, गोणपाट झटकलं आणि खिळ्याला अडकवायला लागली.

"अगं, आता कशाला?"

"चार दिवसांत विसरतील त्या. हिरोला शर्ट धुऊन ठेवायला सांग. नाहीतर तुझे बाबा गाय विकतील." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "धर ते टोक."

मी धरलं.